जोत्यावर भिंत कोणी चढवली?

घराचा नकाशा काढणारं कुठलंही ॲप उघडा आणि त्यात रायगडावरच्या एखाद्या वाड्याचं जोतं काढायला घ्या. भिंतीचं बटण दाबून रेघ ओढलीत की ॲप लगेच तिला जाडी देतं, उंची देतं. 'स्वीट होम थ्रीडी' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ही उंची आपोआप अडीच मीटर धरलेली असते. चार रेघा जोडल्या की खोली होते, आणि शेजारच्या चौकटीत ती उभीही राहिलेली दिसते. पाच मिनिटांत तुमच्यासमोर असा एक वाडा असतो, जो गेल्या दोनशे वर्षांत कुणीही पाहिलेला नाही.

गडावर त्या जागी आहे दगडी चौथरा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, गडावर आग लागली आणि लाकडी बांधकाम जळून गेलं. वर काय होतं, किती उंच होतं, छप्पर कसं उतरत होतं, हे सांगणारं लाकूडच उरलं नाही. म्हणजे ती अडीच मीटरची भिंत तुम्ही गडावर पाहिली नाही आणि कुठल्या कागदात वाचलीही नाही. ती सॉफ्टवेअरनं चढवली.

'किल्ल्याचा आराखडा काढायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?' असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. कुणी ऑटोकॅड सांगतं, कुणी स्केचअप, कुणी म्हणतं ब्लेंडर शिकून घे. किंमत, शिकायला लागणारा वेळ, लॅपटॉप किती दमाचा लागेल, यावर चर्चा होते. ती गरजेची आहेच. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर किल्ल्यांच्या नकाशांच्या इतिहासात सापडतं: आपण काढतोय तो नकाशा बांधण्याआधीचा आहे की पडल्यानंतरचा?

आधी कागद, मग किल्ला

फ्रान्समध्ये ऱ्हाईन नदीजवळच्या सपाट मैदानावर नफ-ब्रिझाक नावाचं तटबंदीचं गाव आहे. चौदाव्या लुईचा लष्करी इंजिनिअर वोबाँ यानं सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी त्याची आखणी केली. वरून पाहिलं तर अचूक अष्टकोन, आत चौकटीसारखे सरळ रस्ते, मध्ये परेडचा चौक. हा किल्ला आधी कागदावर पूर्ण झाला आणि मग जमिनीवर उतरला. जमीन सपाट असल्यामुळे कागदाला विरोध करणारं तिथे काही नव्हतं.

त्याच्याही चारशे वर्षं आधी, १२९५ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं वेल्समधल्या अँगलसी बेटावर बोमारिस किल्ला बांधायला घेतला. दलदलीची सपाट जागा, आत जवळजवळ चौरस तट, बाहेर त्याला वेढणारा कमी उंचीचा दुसरा तट. पैसा आणि लक्ष स्कॉटलंडच्या युद्धाकडे गेलं आणि बुरूज ठरलेल्या उंचीपर्यंत कधी पोचलेच नाहीत. तरी त्याची रचना इतकी सममित आहे की एक बाजू काढून आरशासारखी उलटवली तर किल्ल्याचा बराचसा भाग हाती लागतो.

आजची बहुतेक ड्रॉइंग सॉफ्टवेअर याच घराण्यातली आहेत. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँडनं 'स्केचपॅड' हा प्रोग्राम केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ काढायची आणि 'या दोन रेघा समांतर राहू देत' अशी अट घातली की कॉम्प्युटरनं ती पाळायची. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडनं हे काम साध्या पीसीवर आणलं. काटकोन पकडणं, रेघ ग्रिडला चिकटवणं, एक भाग उलटवून दुसरा तयार करणं या सगळ्या सोयी अजून न झालेली वस्तू नेमकी करण्यासाठी आहेत. बिल्डर भिंत काटकोनात काढतो, कारण ती काटकोनात बांधायची असते.

गडावरची भिंत मात्र बांधून झालेली आहे, तीनशे पावसाळे खाऊन झालेली आहे आणि एका कोपऱ्यात ८७ अंशांवर वळलेली आहे. प्रोग्राम ती हळूच ९० ला ओढतो. अशा दहा खोल्या जोडल्या की प्रत्यक्ष मोजलेलं अंतर आणि नकाशावरचं अंतर जुळत नाही. आणि हा फरक कुठे शिरला, ते शोधताही येत नाही. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी पडक्या वास्तूचं मोजमाप उतरवताना आपोआप काटकोन पकडणारी सोय आधी बंद करा.

आडवा छेद कुठून जातो?

फ्लोअर प्लॅन म्हणजे वरून काढलेला फोटो नव्हे. इमारत जमिनीपासून साधारण एक-सव्वा मीटरवर आडवी कापली, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि मग खाली पाहिलं, तर जे दिसेल ते. या छेदात कापली गेलेली भिंत जाड रेघेनं किंवा भरीव काळी दाखवतात. छेदाच्या खाली राहिलेली पायरी, कट्टा, हौद बारीक रेघेनं.

आता हा नियम रायगडाला लावून पाहा. नगारखान्याचा दरवाजा आजही उभा आहे. छेद त्याच्यातून जातो, तो भरीव येणार. पण जिथे अवशेष कमरेच्या आतच संपतात, तिथे छेद मोकळ्या हवेतून जातो. कापायला काही नाहीच. तिथली प्रत्येक रेघ बारीकच हवी. याचा अर्थ, आराखड्यात काळी भरीव भिंत दिसली की वाचणारा समजतो, इथे भिंत उभी आहे. जाड रेघ हे विधान आहे. ते खोटं असेल तर नकाशा खोटं बोलतो, मग मोजमाप सेंटिमीटरपर्यंत बरोबर असलं तरी.

म्हणून पहिली कसोटी सोपी आहे. या सॉफ्टवेअरमध्ये मला भिंत न काढता नुसती रेघ काढता येते का? तिची जाडी मी ठरवू शकतो का? घरांच्या ॲपमध्ये हे बहुधा जमत नाही, कारण त्यांना रेघ माहीतच नसते, फक्त भिंत, दार आणि खिडकी माहीत असते. इंकस्केप, लिब्रेकॅड, ऑटोकॅड, क्यूजीआयएस या सगळ्यांत ते जमतं.

हीच गोष्ट नावांची. बाजारपेठ, राण्यांचे महाल, अष्टप्रधानांचे वाडे ही गडावरची नावं आपण इतकी ऐकलेली असतात की नकाशावर लिहिताना हात थांबत नाही. पण ही ओळख बरीचशी परंपरेनं चालत आलेली आहे. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून बाजारपेठेची जोती उंच ठेवली, ही गोष्ट गाइड हमखास सांगतात. ती नकाशातल्या मोजमापाचा भाग नाही. जगदीश्वराच्या मंदिरापाशी हिरोजी इंदुलकरांचं नाव दगडात कोरलेलं आहे, तो पुरावा वेगळ्या दर्जाचा. दोन्ही एकाच फाँटमध्ये, एकाच शाईत लिहिले की वाचणाऱ्याला फरक कळायला मार्ग राहत नाही.

डोंगर आधी, भिंत नंतर

सह्याद्रीतला गड सपाट कागदावर मावत नाही. राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आणि मधोमध, बऱ्याच उंचीवर, बालेकिल्ला. तट कड्याच्या कडेनं जातो, कडा वळला की वळतो. संजीवनी माचीवर तर तटाला लागून बाहेर दुसरा तट आहे, आणि दोन्हींमधून माणूस चालू शकतो. उंची न दाखवता हा गड काढला तर बालेकिल्ला आणि माची शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खोल्या वाटतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहा, दरवाजा खालून सरळ माऱ्यात येऊ देऊ नका, एकच दरवाजा असणं हा दोष आहे, जवळ उंच डोंगर असेल तर त्याचा बंदोबस्त करा, असा त्याचा रोख आहे. तिथे खोल्यांची मापं नाहीत. तो विचार डोंगराच्या, पाण्याच्या आणि नजरेच्या हिशेबानं चालतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. आणि आपला प्लॅन काय करतो? बांधणाऱ्यानं मुद्दाम लपवलेली वाट पहिल्याच नजरेत उघडी करतो. म्हणून गडाच्या आराखड्यात उंचीच्या रेषा, पाण्याची टाकी आणि चढून येणाऱ्या वाटा नसतील, तर खोल्या बिनचूक असूनही गड कळत नाही.

या कामाला कॅडपेक्षा क्यूजीआयएस जवळचं आहे. ते नकाशांचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, मुक्त आहे, २००२ पासून वाढत आलंय. त्यात प्रत्येक बिंदूला पृथ्वीवरची जागा असते. पण दोन-तीन खाचखळगे माहीत हवेत.

पहिला: ऑनलाइन सॅटेलाइट नकाशा थेट आत ओढलात तर प्रोजेक्ट बहुधा वेब मर्केटर या प्रक्षेपणात उघडतो. पृथ्वीचा गोल सपाट करताना हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाल तसं अंतर ताणतं. रायगडाच्या अक्षांशावर हा ताण सुमारे पाच टक्के होतो. तसाच आराखडा पुढे इंकस्केपमध्ये किंवा कॅडमध्ये नेलात, तर १०० मीटरचा तट १०५ मीटरचा होतो. सह्याद्रीतल्या गडांसाठी यूटीएमचा ४३ वा उत्तर पट्टा निवडला की हा प्रश्न मिटतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्रातले अकराही याच पट्ट्यात बसतात. तमिळनाडूतली जिंजी, जिथून राजाराम महाराजांनी कारभार पाहिला, ती मात्र ४४ व्या पट्ट्यात येते.

दुसरा: उंचीची जी माहिती फुकट मिळते, ती बरीचशी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलनं ११ दिवसांत केलेल्या रडार मोजणीतून आलेली आहे. तिची एक चौकट साधारण ३० मीटरची. अख्खा बुरूज एका चौकटीत गडप होतो. डोंगराचा आकार दाखवायला ती पुरते; तटाची उंची त्यातून काढू नका.

तिसरा: मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतं. टाकं कुठे आहे, वाट कुठे फुटते, हे टिपायला क्यूफील्डसारखं ॲप उत्तम. पण दोन मीटर जाडीची भिंत पाच मीटर चुकणाऱ्या यंत्रानं मोजता येत नाही. तिथे टेपच लागते. आणि टेप उतारावर धरली असेल तर तिचाही हिशेब करावा लागतो: २५ अंशांच्या उतारावर टेपवर ३० मीटर आले, तर नकाशावर ते २७.२ मीटर असतात. काही महाग फोनमध्ये लायडार सेन्सर असतो, पण त्याची पोच पाचेक मीटर. देवडीच्या आतल्या बाजूसाठी छान, तटासाठी निरुपयोगी.

पिवळ्या रंगाचं शहाणपण

पुन्हा वोबाँकडे. त्याच्या काळात फ्रेंच लष्करी इंजिनिअरांच्या नकाशांत रंगांचा एक शिरस्ता होता. उभं असलेलं दगडी काम लाल रंगात आणि अजून करायचं असलेलं, प्रस्तावित काम पिवळ्या रंगात. पॅरिसमध्ये बसलेल्या मंत्र्यानं नकाशा उघडला की काय आहे आणि कशासाठी पैसे मागितले जातायत, हे एका नजरेत कळायचं.

कॅडमधला 'लेयर' हा याच शिस्तीचा वारसदार मानता येईल. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. हवा तो लावा, नको तो झाका. सॉफ्टवेअर निवडताना ही सोय आहे का, हे पाहणं दुसरी कसोटी. आणि ती असेल तर लेयरना 'भिंती', 'दारं', 'फर्निचर' अशी नावं न देता खात्रीच्या पायऱ्यांची द्या. एका लेयरवर मी स्वतः पाहिलेलं आणि मोजलेलं. दुसऱ्यावर अवशेषांवरून जोडलेलं: दोन बाजूंना जोत्याचे तुकडे दिसतात, मधला भाग मातीखाली आहे, तो तुटक रेघेनं. तिसऱ्यावर तर्क: इथे खांब असावेत, इथे जिना असावा. चौथ्यावर कागदपत्रांतून किंवा परंपरेनं आलेली नावं.

याचा फायदा पुढच्या माणसाला होतो. रायगडावर अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात मातीखालची जोती उघडी पडली आहेत. अशा वेळी तर्काचा लेयर पुसून तिथे मोजलेली रेघ आणता येते. सगळं एकाच काळ्या रेघेत काढलेलं असेल, तर कुठली रेघ पुसायची हेच कळत नाही.

थ्रीडीचा मोह

आणि थ्रीडी? ते वाईट अजिबात नाही. चौदाव्या लुईच्या दरबारानं १६६८ पासून किल्ल्यांची मोठमोठी लाकडी मॉडेलं करून घेतली, बहुतेक १:६०० प्रमाणात. डोंगर, नदी, शेतं, घरं सगळं त्यात. ती इतकी मोलाची होती की लष्करी गुपित म्हणून सांभाळली जात. आज ती पॅरिसच्या इन्व्हालिदमधल्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी पोरं दुसरं काय करतात? डोंगर आणि तट यांचं नातं त्यांना चिखलात हात घालूनच कळतं.

अडचण चकचकीतपणाची आहे. मातीचा किल्ला पाहून कुणी म्हणत नाही की रायगड अस्साच होता. ब्लेंडरमध्ये केलेला, सोनेरी उन्हात न्हालेला, कोरीव खांबांचा महाल मोबाइलवर फिरू लागला की मात्र तसंच म्हणतात. त्यातलं जोतं खरं असतं, बाकी सगळं कलाकाराचं. पण चित्रात दोन्ही तितकंच खरं दिसतं.

हा वाद कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात व्हायोले-ल-द्युक यानं फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटबंदीची डागडुजी केली आणि बुरुजांवर निमुळती, उभ्या चढाची पाटीच्या दगडाची छपरं चढवली. ती त्या दक्षिणेकडच्या भागाची नाहीत, उत्तरेकडची आहेत, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. आज तिथे जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या मनात मध्ययुगीन किल्ला म्हणजे तीच छपरं. १९६४ च्या व्हेनिस सनदेनं ठरवलं की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. २००६ मध्ये लंडन सनद आली, ती खास कॉम्प्युटरवर केलेल्या वारसा-चित्रणासाठी. तिचा आग्रह असा की कुठला भाग कशाच्या आधारावर उभा केला, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

तेव्हा स्केचअप किंवा ब्लेंडर जरूर वापरा, पण शेवटी. मोजलेला आराखडा झाल्यावर. आणि तर्कानं उभा केलेला भाग बिनरंगी, पांढरा किंवा अर्धपारदर्शक ठेवा. चित्राला लाइक कमी पडतील कदाचित, पण ते चित्र पुढे पुरावा म्हणून वापरणाऱ्याची फसगत होणार नाही.

फाइल किती वर्षं जगेल?

१६३५ मध्ये पेद्रो बारेतो द रेझेंद यानं पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या किल्ल्यांची चित्रं काढली आणि अंतोनियु बोकारो यानं त्यांचं वर्णन लिहिलं. त्यात आपली वसई आहे, चौल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच्या शंभर वर्षं आधीचं हे चित्र. ते आजच्या अर्थानं मापात नाही; तरी आज ते कुणीही उघडून पाहू शकतं. कागदाला पासवर्ड लागत नाही.

आता स्वतःला विचारा: मी आज साठवलेली फाइल वीस वर्षांनी कोण उघडेल? फ्लॅशमध्ये केलेलं कितीतरी काम २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाल्यावर एका रात्रीत मुकं झालं. ज्या ॲपमधून आराखडा फक्त त्याच ॲपच्या फाइलमध्ये किंवा नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये बाहेर येतो, ते किल्ल्यासाठी घेऊ नये. ही तिसरी कसोटी. एसव्हीजी, डीएक्सएफ, जिओपॅकेज ही खुली स्वरूपं आहेत. त्यांची रचना जाहीर असल्यामुळे उद्या दुसरं कुणी सॉफ्टवेअर लिहिलं तरी ती वाचता येतील. शिवाय एक पीडीएफ, प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशेसकट. आणि शक्य असेल तर एक छापील प्रत.

मग घ्यायचं काय?

संपूर्ण गड, डोंगर, वाटा, पाणी काढायचं असेल तर क्यूजीआयएस. एक वाडा, दरवाजा, देवडी मापात काढायची असेल तर लिब्रेकॅड, किंवा कॉलेजात मिळत असेल तर ऑटोकॅड. तयार आराखडा लेखात किंवा फलकावर नीट वाचता यावा म्हणून सजवायचा असेल तर इंकस्केप. उभं मॉडेल हवं असेल तर ब्लेंडर. घर सजवण्याची ॲप घरासाठी ठेवा. कादंबरीतला किंवा गेममधला काल्पनिक किल्ला असेल तर यातलं कुठलंही बंधन नाही. तिथे नकाशाच आधी असतो, वोबाँसारखा.

संरक्षित गडावर ड्रोन उडवायला परवानगी लागते, ती घ्या. जोत्यावर खडूनं किंवा रंगानं खुणा करू नका. आणि सुरुवात रायगडापासून करायची गरज नाही. बारा किल्ले यादीत गेले. त्यांची मोजणी करायला आता संस्था आहेत. तुमच्या गावामागची गढी, जिच्या पडत्या भिंतीचे दगड लोक कुंपणाला नेतात, तिचा मापातला आराखडा बहुधा कुणीच काढलेला नसेल. एक टेप, एक वही, एक मित्र आणि एक रविवार. कोपऱ्यात तारीख लिहा, कोणी मोजलं ते लिहा, आणि जिथे काही दिसलं नाही तिथे रेघ न ओढता कागद कोरा सोडा.